एका बाइटने मेल सर्व्हर हातचा जातो का? एक्झिममधील सीव्हीई-२०१८-६७८९ विषयी सविस्तर उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या संस्थेचा मेल सर्व्हर डेबियन ९ या लिनक्स वितरणावर चालतो आणि त्यावर मेलची ने-आण करणारे एक्झिम ४.८९ आहे. बाहेरून करून घेतलेल्या सुरक्षा तपासणीच्या अहवालात ‘सीव्हीई-२०१८-६७८९, बफर ओव्हरफ्लो, अतिगंभीर’ असा शेरा आला (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा त्रुटीचा नोंदणी क्रमांक, बफर ओव्हरफ्लो म्हणजे मेमरीत राखलेल्या जागेबाहेर लिहिले जाणे) असून ४.९०.१ किंवा त्यापुढील आवृत्ती बसवावी असे सुचवले आहे. सर्व्हरची देखभाल करणाऱ्या कंत्राटदाराचे म्हणणे असे की, ही चूक अवघ्या एका बाइटची आहे, तिच्यामुळे फार तर एखादी प्रोसेस बंद पडेल, आणि तसेही डेबियनने ती केव्हाच दुरुस्त केली आहे. यांतले खरे काय, एका बाइटने अख्खा सर्व्हर परक्याच्या ताब्यात जातो तो कसा, आणि एक्झिम सोडून दुसरे काही घ्यावे का, असे आपण विचारले आहे.

कंत्राटदाराचे शेवटचे विधान बहुधा बरोबर आहे आणि त्याआधीचे साफ चूक आहे. अहवालाने बोट ठेवले आहे ते चुकीच्या जागी; पण म्हणून आपला सर्व्हर सुरक्षित आहे असे मात्र मुळीच नाही. ‘एकच बाइट’ हा युक्तिवाद मेल सर्व्हरच्या बाबतीत मी अनेकदा ऐकला आहे आणि तो ऐकायला पटण्यासारखा वाटतो, म्हणून त्याचा समाचार आधी घेतो.

एक्झिम हे सॉफ्टवेअर फिलिप हेझेल यांनी १९९५ मध्ये केंब्रिज विद्यापीठात लिहायला घेतले. ते सी भाषेत आहे. डेबियनची मेल पाठवणारी मूळ व्यवस्था तेच आहे, आणि सीपॅनेल हे सर्व्हर सांभाळण्याचे साधन वापरणाऱ्या होस्टिंग कंपन्यांकडेही तेच असते. त्यामुळे आपण एक्झिम निवडले नसले तरी ते आपल्याकडे असण्याचा संभव मोठा असतो. प्रस्तुत त्रुटी तैवानमधील डेव्हकोर या संस्थेच्या मेह चांग यांनी शोधली आणि ५ फेब्रुवारी २०१८ रोजी एक्झिमच्या विकासकांना कळवली. दुरुस्त आवृत्ती ४.९०.१ ही १० फेब्रुवारीला बाहेर आली, म्हणजे काम पाच दिवसांत झाले, आणि ते कौतुकास्पदच आहे. चूक मात्र नवी नव्हती. एक्झिमच्या उपलब्ध सोर्समध्ये ती अगदी पहिल्या नोंदीपासून होती, त्यामुळे ४.९०.१ च्या आधीची प्रत्येक आवृत्ती तिच्या कक्षेत येत होती. त्या वेळी किमान चार लाख सर्व्हर धोक्यात असल्याचा डेव्हकोरचा अंदाज होता.

आता चूक नेमकी कोठे होती ते पाहू. मेल क्लायंट सर्व्हरकडे स्वतःची ओळख पटवतो तेव्हा ऑथ या आज्ञेबरोबर नाव, पासवर्ड किंवा आव्हानाचे उत्तर बेस६४ या रूपात पाठवतो. बेस६४ मध्ये मूळ तीन बाइटची चार अक्षरे होतात, म्हणून उलटे करताना चार अक्षरांमागे तीन बाइट मिळतात. हे उलटे करणाऱ्या एक्झिममधील फंक्शनने आधी जागा मागायची, मग तीत उतरवत जायचे, अशी रचना होती. जागेचा हिशेब असा केला होता: मजकुराच्या लांबीला चारने भागायचे, बाकी सोडून द्यायची, भागाकाराला तीनने गुणायचे आणि शेवटच्या शून्य बाइटसाठी एक मिळवायचा. नियमात बसणाऱ्या बेस६४ मजकुराची लांबी नेहमी चारच्या पटीत असते, त्यामुळे प्रामाणिक क्लायंटच्या बाबतीत हा हिशेब कधीच चुकत नाही, आणि इतकी वर्षे कोणाच्या लक्षात आले नाही तेही त्यामुळेच.

समजा कोणी मुद्दाम २३ अक्षरांचा मजकूर पाठवला. २३ ला ४ ने भागून भागाकार ५ येतो, बाकी ३ उरते आणि ती टाकून दिली जाते. पाच त्रिक पंधरा, अधिक एक, म्हणजे १६ बाइटची जागा मिळते. आता उतरवताना काय होते? पहिल्या २० अक्षरांचे १५ बाइट होतात. उरलेली तीन अक्षरे अपुरी आहेत, पण फंक्शनला ते चौथे अक्षर वाचायला जाईपर्यंत कळत नाही. तोवर तीन अक्षरांतून आणखी दोन बाइट लिहून झालेले असतात. एकूण १७ झाले. त्यानंतर फंक्शन चूक ओळखते, ‘मजकूर अवैध’ असे सांगून परत फिरते, आणि क्लायंटला नकार मिळतो. नकार योग्यच असतो, पण सतरावा बाइट त्याआधीच दुसऱ्याच्या जागेत पडलेला असतो. दुरुस्तीत एवढेच केले की टाकून दिलेली बाकीही हिशेबात धरली. संपूर्ण पॅच वाचायला अर्धा मिनिट लागत नाही.

येथवर कंत्राटदाराचे म्हणणे बरोबर वाटते. शिवाय बहुतेक वेळा हा जादा बाइट निरुपद्रवीच असतो. एक्झिम मागितलेली जागा आठच्या पटीत वाढवून देते. सात अक्षरांचा मजकूर पाठवला तर चार बाइट मागितले जातात, आठ मिळतात, पाच लिहिले जातात आणि कोणाचे काही बिघडत नाही. वर घेतलेल्या २३ अक्षरांच्या उदाहरणात वाढीव जागा उरत नाही, पण तेथेही पलीकडची जागा बहुधा अजून कोणी वापरलेली नसते. लांबी हवी तशी जुळवून आणली आणि शेजारी हवी ती वस्तू आणून ठेवली, तरच त्या बाइटला किंमत येते. सगळा प्रश्न शेजारी काय आहे याचा आहे, आणि ते ठरवण्याची सोय एसएमटीपी या मेल सर्व्हरांच्या संवादभाषेत हल्लेखोराला भरपूर मिळते.

लिनक्सवरील जीलिबसी ही लायब्ररी प्रोग्रॅमला हीपमधून, म्हणजे चालताना लागेल तशा मिळणाऱ्या जागेतून, मेमरीचे तुकडे देते. प्रत्येक तुकड्याच्या आरंभी त्या तुकड्याचा आकार लिहून ठेवलेला असतो. आधीच्या तुकड्याची वापरायची जागा जेथे संपते, तेथे लागूनच पुढच्या तुकड्याच्या आकाराची नोंद येऊ शकते, आणि इंटेल वळणाच्या यंत्रांवर त्या नोंदीचा सर्वांत खालचा बाइट आधी असतो. म्हणजे आधीच्या तुकड्यातून एकच बाइट बाहेर गेला, तर तो नेमका पुढच्याच्या आकारावर पडतो. शेताचा बांध कोरणाऱ्याने शेजाऱ्याची वीतभर जमीन घेतली तर नुकसान वीतभराचेच असते, पण त्या वीतभरात मोजणीचा दगड असेल आणि तोच सरकला, तर पुढची सगळी मोजणी सरकलेल्या दगडावरून होते. येथे तसेच घडते. पुढचा तुकडा आहे त्यापेक्षा मोठा असल्याचे जीलिबसीला वाटू लागते; तो मोकळा करून पुन्हा मागितला की मिळणारी जागा त्याच्याही पुढच्या, वापरात असलेल्या तुकड्यावर चढलेली असते. आता एका बाइटची मर्यादा संपली. हल्लेखोर त्या वापरातल्या तुकड्यात हवे ते राजरोस लिहू शकतो, आणि ते लिहिणे एक्झिमच्या दृष्टीने पूर्णपणे वैध असते.

हे तुकडे हवे तसे मांडायचे कसे? पोर्टवर येऊन बोलणाऱ्या कोणालाही, लॉगिन न करता, ज्या आज्ञा देता येतात त्यांच्याच साहाय्याने. ईएचएलओ या सुरुवातीच्या नमस्काराच्या आज्ञेत लांबलचक होस्टनाव दिले की एक्झिम जुन्या नावाची जागा सोडते आणि नव्या नावासाठी जागा घेते. म्हणजे हव्या त्या आकाराचा तुकडा घेणे आणि सोडणे दोन्ही हातात आले. छापता न येणारी अक्षरे असलेली अनोळखी आज्ञा पाठवली की ती लॉगमध्ये वाचनीय रूपात लिहिण्यासाठी एक्झिम नवी जागा घेते. ऑथमधून कोणतेही बाइट, अगदी शून्य बाइटसुद्धा, मेमरीत उतरवता येतात. आणि ईएचएलओ किंवा पाठवणाऱ्याचा पत्ता सांगणारी मेल फ्रॉम यांसारखी आज्ञा नीट पूर्ण झाली की एक्झिम मागील व्यवहारासाठी घेतलेली जागा एकदम मोकळी करते. घेणे, भरणे, सोडणे, सगळे सोडणे, अशी ही चार हत्यारे. डेव्हकोरने ६ मार्च २०१८ रोजी जे विवरण प्रसिद्ध केले, त्यात या चार हत्यारांनी हीपची मांडणी पायरीपायरीने कशी करता येते ते दाखवले होते.

पुढची पायरी मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ‘आमच्याकडे मेमरी संरक्षण चालू आहे’ असे उत्तर याच ठिकाणी तोकडे पडते. एक्झिम जीलिबसीकडून मेमरी थेट किरकोळीत घेत नाही. ते किमान ८,१९२ बाइटचे गठ्ठे घेते, स्वतःच त्यांतून लहान लहान वाटे काढते आणि प्रत्येक गठ्ठ्याच्या आरंभी पुढच्या गठ्ठ्याचा पत्ता लिहून त्यांची साखळी ठेवते. तुकडा तुकड्यावर चढवल्यानंतर हल्लेखोराला हा पत्ता बदलता येतो. त्याने तो वळवला एक्झिमच्या स्वतःच्या कॉन्फिगरेशनचा मजकूर असलेल्या गठ्ठ्याकडे. साखळी मोकळी करताना तो गठ्ठाही मोकळा झाला, पुढच्या मागणीत तोच हल्लेखोराच्या हाती आला आणि त्यावर त्याने आपला मजकूर लिहिला.

त्या गठ्ठ्यात काय होते? एसीएलची नावे आणि नियम, म्हणजे ‘मेल फ्रॉम आल्यावर कोणती तपासणी करायची’ यांसारख्या सूचना. एक्झिमची कॉन्फिगरेशन भाषा अतिशय समर्थ आहे. तिच्यातल्या एका सोयीने बाहेरचा कमांड चालवून त्याचे उत्तर घेता येते. ॲडमिनला ही सोय उपयोगी पडते. पण तपासणीच्या नियमाच्या जागी हल्लेखोराने हाच मजकूर ठेवला आणि मग साधी मेल फ्रॉम आज्ञा दिली, की एक्झिम आज्ञाधारकपणे तो कमांड चालवते. येथे मेमरीत परके यंत्रसंकेत घुसवलेलेच नाहीत, त्यामुळे मेमरीतील डेटा चालवू न देणारे संरक्षण बाजूलाच राहते. बदलला आहे तो केवळ मजकूर, आणि तो चालवण्याचे काम एक्झिमच्याच प्रामाणिक कोडने केले आहे.

मेमरीतील पत्ते दर वेळी बदलणारे संरक्षणही अपेक्षेइतके उपयोगी पडत नाही. एक्झिमचा मुख्य डीमन, म्हणजे पाठीमागे सतत चालणारी सेवा, प्रत्येक जोडणीसाठी फोर्क करून (स्वतःची प्रत बनवून) नवी प्रोसेस काढतो आणि त्या प्रोसेसला आईची मेमरीची मांडणी जशीच्या तशी मिळते. अंदाज चुकला तर ती एक प्रोसेस पडते, डीमन उभाच राहतो, आणि पुढच्या जोडणीत तीच मांडणी पुन्हा समोर येते. ‘फार तर प्रोसेस बंद पडेल’ या वाक्याचा अर्थ हल्लेखोराच्या बाजूने असा होतो की, त्याला हवे तितक्या वेळा फुकट अंदाज बांधता येतो.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की एक्झिमच्या विकासकांनीही सुरुवातीला ही त्रुटी प्रत्यक्ष वापरणे अवघड असावे असे मत दिले होते. त्यांनी ते अंदाज म्हणून सांगितले आणि पॅच लांबवला नाही. महिन्याच्या आत तो अंदाज खोटा ठरला. अमेरिकेच्या एनव्हीडी या नोंदवहीत तिला दहापैकी ९.८ गुण आहेत, आणि प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या त्रुटींची जी यादी तेथील सिसा ही संस्था ठेवते, तीतही ती आहे.

अशी उदाहरणे एकटीदुकटी नाहीत. जानेवारी २०१५ मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीने जाहीर केलेली ‘घोस्ट’ ही त्रुटी एक्झिममध्ये नव्हती, ती जीलिबसीच्या होस्टनाव शोधणाऱ्या फंक्शनमध्ये २००० सालापासून होती. तेथेही जागेच्या हिशेबात एक पॉइंटर धरायचा राहिला होता, म्हणून ३२ बिटी यंत्रावर चार आणि ६४ बिटीवर आठ बाइट बाहेर जात. तेही केवळ अंक, टिंब आणि शेवटचे शून्य. एवढ्या अडचणीत काय होणार, असे कोणालाही वाटेल. क्वालिसने प्रात्यक्षिकासाठी निवडला तो एक्झिमच, आणि होस्टनाव पडताळण्याची ठराविक सेटिंग चालू असलेल्या सर्व्हरवर त्यांनी कमांड चालवून दाखवला. जीलिबसीमध्ये ही चूक मे २०१३ मध्येच दुरुस्त झाली होती, पण ती सुरक्षेची बाब आहे हे ओळखले न गेल्यामुळे दीर्घकाळ चालणाऱ्या वितरणांच्या आवृत्त्यांत ती दुरुस्ती पोहोचली नव्हती. मला या प्रसंगातली ही गोष्ट मूळ चुकीपेक्षा अधिक बोचते. सप्टेंबर २०१९ मध्ये टीएलएस या सांकेतिक (एन्क्रिप्टेड) जोडणीच्या आरंभी पाठवल्या जाणाऱ्या सर्व्हरनावाच्या शेवटी एकच उलटी तिरपी रेघ ठेवून एक्झिमला मजकुराची हद्द ओलांडायला लावता येत होते, ती त्रुटी ४.९२.२ मध्ये दुरुस्त झाली. या सर्वांत चुकीचा प्रकार एकच दिसतो: बाहेरून आलेल्या मजकुराच्या जागेचा किंवा हद्दीचा हिशेब थोडक्यासाठी चुकला.

आता आपल्या सर्व्हरकडे वळू. आवृत्ती ४.८९ दिसते म्हणजे त्रुटी आहेच, हा अहवालाचा निष्कर्ष डेबियनच्या बाबतीत टिकत नाही. डेबियन आपल्या स्थिर वितरणात सॉफ्टवेअरची मूळ आवृत्ती बदलत नाही. फक्त सुरक्षेचा पॅच जुन्या आवृत्तीवर चढवून पॅकेजचा क्रमांक वाढवते. या त्रुटीची दुरुस्ती डेबियन ९ साठी ४.८९-२+डेब९यू३ या पॅकेजमध्ये आणि डेबियन ८ साठी ४.८४.२-२+डेब८यू५ मध्ये आली. तपासणीच्या साधनाने बहुधा पोर्ट २५ वर जोडणी करून एक्झिमचा स्वागताचा बॅनर वाचला, त्यात ‘४.८९’ एवढेच असते, आणि तेवढ्यावर शेरा मारला. काही जण अहवाल स्वच्छ यावा म्हणून बॅनरमधून आवृत्ती काढून टाकतात. त्याने अहवाल सुधारतो, सर्व्हर नाही.

म्हणून पॅकेजचा पूर्ण क्रमांक पाहा, आणि त्यावरही न थांबता पॅकेजबरोबर येणाऱ्या बदलांच्या नोंदवहीत या सीव्हीईचा क्रमांक शोधा. ती नोंदवही दाबलेल्या फाइलच्या रूपात यूएसआर-शेअर-डॉक खाली एक्झिम४-बेसच्या फोल्डरमध्ये असते. नोंद सापडली तर पॅच डिस्कवर आहे हे नक्की झाले. तो चालू आहे का, ही वेगळी गोष्ट आहे. डेबियन पॅकेज अद्ययावत करताना एक्झिम पुन्हा सुरू करते, पण कोणी सेवा हाताने सुरू केलेली असेल, कंटेनरमध्ये चालवलेली असेल किंवा चूक लायब्ररीत असेल, तर डिस्कवर नवे आणि मेमरीत जुने अशी अवस्था महिनोन्महिने राहू शकते. मी पाहिलेल्या एका कार्यालयात जीलिबसी वेळेवर अद्ययावत केली होती आणि मेल डीमन त्याच्या कितीतरी आधीपासून अखंड चालू होता. अखंड चालण्याचा तेथे अभिमानही होता. म्हणून डीमन केव्हा सुरू झाला ती वेळ पॅच बसवल्याच्या तारखेशी ताडून पाहा, आणि चालू प्रोसेसने उघडलेल्या फाइलींपैकी एखाद्या लायब्ररीसमोर ‘डिलीटेड’ असा शेरा दिसतो का तेही बघा. दिसला तर सेवा पुन्हा सुरू करावी लागेल.

त्याच नोंदवहीत आणखी एक क्रमांक आवर्जून शोधा: सीव्हीई-२०१९-१०१४९. हा बफर ओव्हरफ्लो नाही. पत्त्याच्या तपासणीतील त्रुटीमुळे पाठवलेल्या पत्त्यातच कमांड लपवता येत होता, त्यासाठी मेमरीची कोणतीही कसरत लागत नव्हती, आणि तिच्या कक्षेत ४.८७ ते ४.९१ या आवृत्त्या येतात, म्हणजे आपली ४.८९ सुद्धा. तिच्यावर मोठ्या प्रमाणात हल्ले झाले. रशियन लष्करी गुप्तचर यंत्रणेतील सँडवर्म हा गट किमान ऑगस्ट २०१९ पासून ती वापरत असल्याचे अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने मे २०२० मध्ये जाहीर केले. डेबियन ९ वर तिची दुरुस्ती त्यापुढील, डेब९यू४, या पॅकेजमध्ये आली. म्हणजे कोणी २०१८ मध्ये यू३ बसवून समाधानाने थांबला असेल, तर त्याचा सर्व्हर पहिल्यापेक्षा सोप्या हल्ल्याला उघडा राहिला.

आणि येथेच आपल्या सर्व्हरची खरी अडचण आहे. डेबियन ९ चा दीर्घकालीन पाठिंबाही ३० जून २०२२ रोजी संपला. मे २०२१ मध्ये क्वालिसने एक्झिममधील २१ त्रुटी एकदम जाहीर केल्या, त्या पाठिंबा चालू असताना आल्या. सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस जाहीर झालेल्या ऑथशी संबंधित त्रुटींचे तसे नाही. त्यांतील सर्वांत गंभीर, सीव्हीई-२०२३-४२११५, ही एक्सटर्नल पद्धतीची ओळख चालू असेल तरच लागू होते आणि मूळ एक्झिममध्ये ती ४.९६.१ ने ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद केली, पण डेबियन ९ च्या नेहमीच्या भांडारात तिचा पॅच येण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. त्यामुळे अहवालातील मुद्दा खोडून काढता आला तरी हा सर्व्हर पाठिंबा असलेल्या डेबियनवर नेणे टाळता येणार नाही. हे काम मेलची रांग रिकामी करून, कॉन्फिगरेशनची प्रत ठेवून आणि नव्या यंत्रावर आधी चाचणी घेऊन करावे. ४.९४ पासून एक्झिम बाहेरून आलेला मजकूर फाइलच्या मार्गात थेट वापरू देत नाही, म्हणून जुने कॉन्फिगरेशन नव्या आवृत्तीवर पहिल्या फटक्यात चालेल असे धरू नका. बहुतेक स्थलांतरे येथेच अडकतात आणि मग ‘तूर्त जुनेच राहू दे’ असा निर्णय होतो.

तोवर आडोसा म्हणून काय करता येईल? पोर्ट २५ हे इतर सर्व्हरकडून मेल स्वीकारण्यासाठी आहे. आपल्या कर्मचाऱ्यांनी ५८७ किंवा ४६५ या पोर्टवरून टीएलएससह यावे आणि ऑथची घोषणा पोर्ट २५ वर होऊच नये. एक्झिम न घोषित केलेल्या ऑथला नकार देते, त्यामुळे त्या पोर्टवरून बेस६४ उलगडण्याच्या कोडपर्यंत पोहोचण्याचा हा मार्ग बंद होतो. कर्मचारी ठराविक ठिकाणांहून किंवा व्हीपीएनवरूनच येत असतील तर ५८७ आणि ४६५ बाहेरच्या जगाला बंद करा. याला पॅचचा पर्याय समजू नका. न वापरल्या जाणाऱ्या ओळखपद्धती, विशेषतः जुन्या कॉन्फिगरेशनमधून वारसाने आलेली क्रॅम-एमडी५, काढून टाकायला मात्र काहीच हरकत नसते.

सर्व्हर आधीच कोणाच्या हाती गेला आहे का, हे पाहायचे असेल तर केवळ एक्झिमच्या लॉगवर विसंबू नका. प्रोसेस पडते तेव्हा तिला लॉग लिहायला सवड मिळत नाही. ते कर्नलच्या नोंदीत ‘सेगफॉल्ट’ या शब्दासह एक्झिम४ च्या नावाने दिसते. थोड्या वेळात अशा अनेक ओळी, आणि त्याच सुमारास एकाच पत्त्यावरून अर्धवट तुटलेल्या जोडण्या, हे चांगले लक्षण नव्हे. हल्ला यशस्वी झाला तर कमांड डेबियनवर बहुधा ‘डेबियन-एक्झिम’ या वापरकर्त्याच्या हक्कांनी चालतो. तो रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, नसतो, पण स्पूलमधली, म्हणजे पाठवण्याच्या रांगेतली, सगळी टपाल त्याला वाचता येते, आणि एक्झिमची मुख्य फाइल रूटच्या हक्कांनी चालणारी असल्यामुळे तेथून वर चढायला स्थानिक त्रुटी शोधणे हे पुढचे साहजिक पाऊल असते. २०२१ च्या २१ त्रुटींपैकी ११ स्थानिक होत्या. म्हणून या वापरकर्त्याच्या नावाने एक्झिमखेरीज दुसरी प्रोसेस चालते का, त्याच्या नावाने क्रॉनमध्ये (ठरावीक वेळी कामे चालवणाऱ्या सोयीत) काही ओळ आहे का आणि टेंप फोल्डरमध्ये त्याच्या मालकीच्या चालवता येणाऱ्या फाइली आहेत का, हे पाहा. काही सापडले तर यंत्र साफ करत बसू नका. डिस्कची प्रत काढून ठेवा आणि नवे यंत्र उभे करा. भारतातील संस्थांना सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. डेबियनच्या मूळ मांडणीत एक्झिमचे मुख्य लॉग दररोज फिरवले जातात आणि सुमारे दहा दिवसांचेच राहतात, म्हणून ती सेटिंग आजच बदला किंवा लॉग दुसऱ्या यंत्रावर पाठवा.

एक्झिम सोडावे का? नवा सर्व्हर कोऱ्या पाटीवर उभारायचा असता तर मी पोस्टफिक्स घेतले असते. वित्से व्हेनेमा यांनी ते पहिल्यापासून अनेक लहान, वेगवेगळ्या हक्कांच्या प्रोसेसमध्ये विभागले आहे, त्यामुळे नेटवर्कशी बोलणाऱ्या भागात चूक निघाली तरी तिची झेप कमी राहते. एक्झिम हा मात्र एकसंध मोठा प्रोग्रॅम आहे. पण आपल्याकडे अनेक वर्षांचे रूटिंगचे नियम, टोपणनावे आणि स्पॅमचे गाळणे एक्झिमच्या भाषेत लिहिलेले आहेत, आणि ज्या संस्थेला डेबियन ९ वेळेत बदलता आले नाही तिने पोस्टफिक्स घेतल्यास ते पोस्टफिक्सही तितकेच जुने होईल. आधी वितरण बदला, दर आठवड्याला सुरक्षा अद्यतने आपोआप बसतील आणि त्यानंतर सेवा पुन्हा सुरू होते की नाही हे कोणीतरी पाहील अशी व्यवस्था लावा. सहा महिने ती नीट चालली तर पोस्टफिक्सचा विचार करायला हरकत नाही.

तपासणी करणाऱ्यांना द्यायच्या उत्तरात तीन गोष्टी लेखी द्या: बसवलेल्या पॅकेजचा पूर्ण क्रमांक, बदलांच्या नोंदवहीतील सीव्हीई-२०१८-६७८९ ची ओळ जशीच्या तशी, आणि चालू डीमन सुरू झाल्याची तारीख व वेळ. त्याखाली, त्यांनी विचारले नसले तरी, डेबियन ९ पाठिंब्याबाहेर असल्याचे आणि स्थलांतराची ठरलेली तारीख आपणहून लिहा. कंत्राटदाराकडून ‘एकच बाइट’ हे वाक्य मात्र त्या उत्तरात येऊ देऊ नका.